जिभेखाली चार थेंब

सतरा जानेवारीला थेंबमावशींनी सहाशे चाळीस रुपये मोजून ब्रँडीची एक बाटली विकत घेतली.

त्यांच्या घराजवळच्या चौकातही दारूचं दुकान होतं. चांगलं काचेच्या दाराचं, दिव्यांनी लखलखणारं. पण मावशी त्या बाजूच्या फुटपाथवरून चालतसुद्धा नसत. दोन बस बदलून त्या शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जात. तिथला दुकानदार त्यांना चांगला ओळखत होता. "या आजी, नेहमीचीच ना?" असं तो चारचौघांत मोठ्याने विचारी आणि मावशींना कुठे तोंड लपवू असं होऊन जाई. मावशी बाटलीचं नाव कधी तोंडाने घेत नसत. नुसतं बोटाने फळीकडे दाखवत. बाटली आधी वर्तमानपत्रात, मग टॉवेलात, मग कापडी पिशवीच्या तळाशी जाई आणि तिच्यावर कोबीचा गड्डा बसे.

त्या दिवशी परतीची बस नेमकी धाकट्या भावाची निघाली.

"ताई! भाजीला इतक्या लांब? आपल्याकडची भाजी काय संपावर गेली?" ड्रायव्हरच्या जागेवरून भाऊ ओरडला.

"इथे स्वस्त मिळते."

"तिकिटाचे पैसे धरून?"

"तू समोर बघून गाडी चालव."

पुढच्या बाकावरची माणसं हसली. मावशी त्याच्या मागच्याच सीटवर बसल्या आणि पिशवी दोन पायांत घट्ट धरली. पण गतिरोधकावरून गाडी गेली तेव्हा पिशवी सरकली आणि सीटच्या लोखंडी पायाला लागून टण्णकन वाजली. कोबी काही वाजत नाही. भावाने वरच्या आरशातून एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे. मावशींनी मनात म्हटलं, त्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

मावशी स्वतः ब्रँडीला स्पर्श करत नव्हत्या. ती त्यांच्या कामाला लागायची. त्या फुलांचे थेंब देत. कुणाला धास्ती बसलेली असते, कुणाचं मन विनाकारण उतरलेलं असतं, कुणाला राग आवरत नाही, कुणी माणूस गेल्यावर आतून गोठून गेलेलं असतं. अशी माणसं त्यांच्याकडे येत. पूर्वी मावशी एका औषधाच्या दुकानात काउंटरवर होत्या. तिथे नेहमी येणाऱ्या एका म्हाताऱ्या नर्सने त्यांना ही विद्या शिकवली. यजमान गेले, मूलबाळ नव्हतं, नोकरी संपली. तेव्हा मावशींनी पुढच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक पडदा एवढ्यावर काम सुरू केलं.

रीत ठरलेली होती. सकाळचं स्वच्छ ऊन पडलं की मागच्या कठड्यावर काचेचा वाडगा पाण्याने भरून ठेवायचा. त्यात ताजी फुलं तरंगत सोडायची, पाण्याचा पृष्ठभाग झाकून जाईल इतकी. फुलांना बोट लावायचं नाही, त्याच झाडाच्या पानाने उचलायची. ऊन चढेपर्यंत वाडग्याला सावली पडू द्यायची नाही. मग फुलं काढायची आणि त्या पाण्यात तेवढीच ब्रँडी घालून बाटली भरायची. ही झाली मूळ बाटली. तिच्यातले दोन थेंब छोट्या ड्रॉपरच्या बाटलीत, वर साधं पाणी, आणि पाणी खराब होऊ नये म्हणून पुन्हा एक चमचा ब्रँडी. ही बाटली माणसाच्या हातात द्यायची आणि सांगायचं, "जिभेखाली चार थेंब. दिवसातून चारदा."

यातलं ब्रँडीचं तेवढं मावशी कुणाला सांगत नसत. "यात असतं काय, मावशी?" असं कुणी विचारलं तर उत्तर तयार असे, "फुलं, पाणी आणि ऊन." पहिल्यांदा हे उत्तर संकोचाने तोंडून गेलं. नंतर तेच रुळलं. मग ते बदलायचं तर इतकी वर्षं खोटं बोललो हेही सांगावं लागलं असतं. शिवाय मावशींकडे येणाऱ्यांत कोण कोण होतं! शेजारच्या गल्लीतले निवृत्त हेडमास्तर त्या भागातल्या व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष होते आणि रागासाठी नेमाने थेंब घेत. "बाई, तुमचे हे थेंब म्हणजे निव्वळ सात्त्विक," असं ते दर खेपेला म्हणत, आणि मावशी टेबलावरचा नसलेला कचरा पुसू लागत.

थेंबांनी माणसं बरी होत की मावशी तासभर मान न वळवता ऐकून घेत म्हणून, हे त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्या नर्सला त्यांनी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "तुला काय करायचंय? तू डॉक्टरांची गोळी बंद कर म्हणून कुणाला सांगू नकोस, म्हणजे झालं." तो नियम मावशींनी कधी मोडला नाही. नर्सने आणखी एक नियम सांगितला होता. ज्याने दारू सोडली आहे, त्याची बाटली ब्रँडीत करायची नाही, व्हिनेगरमध्ये करायची. तो नियम पाळायची वेळ कधी आली नव्हती. ती त्या फेब्रुवारीत आली.

भाऊ संध्याकाळी ड्युटीवरून थेट बहिणीकडे आला. खाकी शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेली, टोपी हातात. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसला आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून म्हणाला, "बघ."

हात थरथरत होते.

"कधीपासून?"

"चौकात एक सायकलवाला मध्ये आला त्या दिवसापासून. त्याला काही झालं नाही गं. ब्रेक लागला. तो उठला, मला चार शिव्या दिल्या आणि गेला. पण आता तो चौक आला की माझे हात असे होतात. मागून लोक ओरडतात, अरे सावकाश, झोपलास का?"

सावकाश हे त्याचं प्रवाशांनी ठेवलेलं नाव. पूर्वी तो असा नव्हता. आई लवकर गेली, तेव्हा मावशींनीच त्याला शाळेत घातलं, ड्रायव्हिंग शिकवलं, नोकरीला लावलं, लग्न करून दिलं. आणि मग त्याने बाटली धरली. दोनदा तो नोकरीवरून जाता जाता राहिला. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात राहून त्याने ती सोडली, आणि तेव्हापासून तो गाडी इतकी जपून हाकू लागला की पायी चालणारे त्याच्या पुढे जात. डेपोने त्याला लेखी कळवलं होतं, पुन्हा एकदा असं झालं तर नोकरी नाही. रोज सकाळी गाडीची किल्ली हातात मिळण्याआधी सगळ्या ड्रायव्हरांना एका मशीनच्या नळीत फुंकर मारावी लागे. ड्रायव्हर तिला फुंकणी म्हणत. आणि रोज संध्याकाळी घरी गेल्यावर दुसरी फुंकणी असे. तो बूट काढायला खाली वाकला की बायको त्याच्या तोंडाशी वाकून बूट जागेवर ठेवी. दोघंही त्यावर काही बोलत नसत.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"डॉक्टर गोळी देतो म्हणाला. गोळीने झोप येते. झोपेत गाडी चालवू? तू दे काहीतरी. सगळ्या गावाला देतेस."

मावशींनी त्याला तासभर बोलू दिलं. मग पडद्यामागे जाऊन फळीपाशी उभ्या राहिल्या. धास्तीसाठी लाजाळू, गेलेल्या भरवशासाठी सूर्यफूल. दोन्ही बाटल्या काढल्या. मग व्हिनेगरची बाटली काढली. झाकण उघडलं, वास घेतला आणि तिथेच थांबल्या.

व्हिनेगरचे थेंब जिभेवर झोंबतात. भाऊ विचारणार, हे असं का लागतं? दुसऱ्यांचं असं लागत नाही. मग सांगावं लागणार, दुसऱ्यांच्यात ब्रँडी असते. आणि तुला देत नाही, कारण तू... हे तोंडावर कसं म्हणायचं? दोन वर्षांत त्याच्याशी त्या विषयावर कुणी बोललं नव्हतं. सगळे त्या विषयाला वळसा घालून जात. आणि असतं किती? बाटलीत एक चमचा, त्यातले चार थेंब. मुंगी तरी झिंगेल का?

त्यांनी व्हिनेगरचं झाकण लावलं आणि नेहमीची बाटली भरली.

"किती झाले?" भावाने खिशात हात घातला.

"ऐंशी."

"माझ्याकडून पण?"

"फुकट दिलं की कुणी वेळेवर घेत नाही."

त्याने तिथेच बाटली उघडली, मान मागे केली आणि जिभेखाली चार थेंब सोडले. मावशी बघत होत्या. त्याने तोंड मिटलं आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. मग बहिणीकडे पाहिलं. त्या नजरेत काहीतरी विचारल्यासारखं होतं. मावशींनी घाईने विचारलं, "कडू नाही ना?"

"नाही," तो म्हणाला. "चांगलं आहे."

आणि खरोखर गुण आला. आठवड्याभरात हात स्थिर झाले. तो चौक आला की गाडी न अडखळता जाऊ लागली. दुसऱ्या बाटलीसाठी तो लवकर आला. म्हणाला, "पहिली सांडली गं थोडी." मावशींना वाटलं, सांडली तर सांडली, माणूस हसतोय तर खरा. तिसऱ्या बाटलीला तो त्याहून लवकर आला. या वेळी काही सांडल्याचं बोलला नाही, आणि मावशींनीही विचारलं नाही. उलट त्यांना आतून सुख झालं. गावाला उपयोग होतो, तर आपल्या माणसालाही झाला. "पैसे पगार झाल्यावर देतो," असं म्हणून तो बाटली खिशात टाकून गेला. जाताना त्याच्या शर्टाला वेलचीचा वास येत होता. तेव्हा मावशींनी त्याचा काही अर्थ लावला नाही.

मार्चच्या पहिल्या सोमवारी सकाळी डेपोत फुंकणी वाजली.

तासाभरात भावजय आली. ती घरी शाळेचे गणवेश शिवायची. गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती, तिच्याही लक्षात नव्हतं. मागून भाऊ आला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. एरवी भावजय मावशींना ताई म्हणे. रागावली की वन्सं.

"वन्सं, तुमच्या भावाने पुन्हा सुरू केलं."

"मी प्यायलो नाही," भाऊ म्हणाला.

"मग मशीन काय भुताने वाजवलं?"

"थेंब घेतले होते. किल्ली घ्यायच्या आधी. बस."

"फुलांच्या पाण्याने मशीन वाजतं? मग बागेत जाऊन आलेला प्रत्येक माणूस झिंगलेला म्हणायचा." भावजय मावशींकडे वळली. "तुम्हीच सांगा त्याला. काय असतं तुमच्या थेंबांत?"

मागच्या कठड्यावर वाडग्याभोवती माशी घोंघावत होती. त्या दिवशी वाडग्यात मोहरीची पिवळी फुलं होती.

"फुलं," मावशी म्हणाल्या. "पाणी. आणि ऊन."

भावाने मान वर केली आणि बहिणीकडे पाहिलं. मग त्याने पुन्हा मान खाली घातली.

"ऐकलंस?" भावजय नवऱ्याला म्हणाली. तिचा आवाज आता चढलेला नव्हता, उतरलेला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "निलंबित केलंय, ताई. पुढच्या सोमवारी चौकशी. नोकरी गेली तर माझ्या शिलाईवर घर चालेल का? आणि ते जाऊ दे. दोन वर्षं मी याच्या बुटांपाशी वाकत होते. मला वाटलं होतं, आता वाकायला नको."

दोघं गेली. मावशींनी मोहरीची फुलं वाडग्यात तशीच राहू दिली. ऊन सरकलं, वाडग्यावर सावली आली, पाणी वाया गेलं.

त्या आठवड्यात त्यांनी कुणाला थेंब दिले नाहीत. माणसं आली तर म्हणत, बरं नाही. स्वतःसाठी कुठलं फूल काढावं हे त्यांना सुचेना. खरं बोललं तर पुढची खोली बंद होणार, हे दिसत होतं. हेडमास्तरांचा चेहरा दिसत होता. थेंब घेऊन निजणाऱ्या म्हाताऱ्या बायका दिसत होत्या. परीक्षेची भीती म्हणून थेंब घेणाऱ्या एका मुलीची आई दिसत होती. न बोललं तर भावाची नोकरी जाणार. आणि नोकरी गेल्यावर तो कुठे जाऊन बसेल हे सांगायला ज्योतिषी नको होता.

चौकशीच्या दिवशी त्या डेपोत गेल्या. व्हरांड्यात ड्रायव्हर, कंडक्टर घोळक्याने उभे होते. आतल्या खोलीत डेपो मॅनेजर, समोर भाऊ, कोपऱ्यात भावजय.

"बाई, नातेवाइकांनी बाहेर थांबायचं," मॅनेजर म्हणाला.

"त्याची बायको आत आहे."

"त्या ऐकत नाहीत."

"मी पण ऐकत नाही. साहेब, तुमचं ते मशीन आणा. मी फुंकते."

व्हरांड्यात हशा पिकला. मॅनेजरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पण मशीन मागवलं. मावशींनी फुंकर मारली. मशीन गप्प राहिलं. मग त्यांनी पिशवीतून ड्रॉपरची बाटली काढली, जिभेखाली चार थेंब सोडले आणि पुन्हा फुंकर मारली.

मशीन वाजलं. लाल दिवा लागला.

"आहे काय यात?" मॅनेजरने बाटली हातात घेतली.

"ब्रँडी," मावशी म्हणाल्या. दुकानातसुद्धा न उच्चारलेला शब्द डेपोत, पंधरा-वीस पुरुषांसमोर उच्चारला गेला. "सगळ्यांच्याच बाटल्यांत असते. मी सांगत नाही. याला माहीत नव्हतं. मी याला चार थेंब घ्यायला सांगितले, याने घेतले. चूक माझी."

"किती घेतले होते त्या दिवशी?" मॅनेजरने भावाला विचारलं.

"चार," भावाच्या आधी मावशींनीच सांगितलं. भावाने मान हलवली.

मग चूळ भरून, चहा येऊन संपेपर्यंत थांबून मावशींनी तिसऱ्यांदा फुंकर मारली. मशीन गप्प. मॅनेजर कबूल झाला की नियमाने थोड्या वेळाने दुसऱ्यांदा तपासणी घ्यायला हवी होती आणि त्या दिवशी कुणी ती घेतली नव्हती. त्याने बाटलीचा वास घेतला आणि त्याला हसू आवरेना.

"अहो, माझ्या सासूबाई घेतात हो तुमचे थेंब. झोपेसाठी. मी म्हणतो, म्हातारी झोपते तरी कशी एवढी!"

सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत, आणि कोपऱ्यात भावजयही हसली नाही. ती नवऱ्याकडे बघत होती.

भावावरचा ठपका निघाला. बुधवारपासून गाडी पुन्हा त्याच्या हातात येणार असं ठरलं.

बातमीला घरी पोचायला दोन बस बदलाव्या लागल्या नाहीत. मावशींच्या आधी ती गल्लीत हजर होती. संध्याकाळी हेडमास्तर आले. आपली बाटली त्यांनी कागदात गुंडाळून आणली होती आणि ती टेबलाच्या अगदी कडेला ठेवली.

"मी मंडळाचा अध्यक्ष आहे, बाई."

"दिवसाला चमचाभरसुद्धा होत नाही, सर."

"प्रश्न चमच्याचा नाही. मी लोकांच्या घरी जाऊन सांगतो, एक थेंबही नको. आणि स्वतः इथे येऊन चार घेतो." ते दारापर्यंत गेले, थांबले. "माझा राग खरंच कमी झाला होता हो. तो आता कशाने कमी झाला म्हणू?"

परीक्षेवाल्या मुलीच्या आईने बाटली परत आणली नाही, ती नुसती रस्त्यात तोंड फिरवून गेली. कोपऱ्यावरचा गवंडी मात्र पहिल्यांदाच दाराशी आला. "मावशी, मलाही आतून बरं वाटत नाही. मोठ्या बाटलीत मिळेल का?" त्याच्या मागे उभे असलेले दोघं खिदळत होते. मावशींनी दार लावून घेतलं.

मंगळवारी दुपारी भाऊ आला. मावशींना वाटलं, आभार मानायला आला असेल. चहा ठेवायला त्या उठल्या, तर तो म्हणाला, "बस ताई." तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसला होता आणि हात टेबलावर पालथे ठेवले होते. ते पुन्हा थरथरत होते.

"तू काल माझ्यासाठी अब्रू घालवलीस," तो म्हणाला.

"जाऊ दे ते."

"चार नव्हते, ताई."

मावशी खुर्चीवर बसल्या.

"त्या सकाळी मी ड्रॉपर काढून टाकला आणि बाटली तोंडाला लावली. उरली होती तेवढी सगळी. आदल्या बाटल्याही तशाच गेल्या. सांडलं वगैरे काही नव्हतं."

"तुला कळलं होतं?"

"पहिल्याच थेंबाला." तो हसला, पण ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. "ताई, बारा वर्षं प्यायलेल्या माणसाच्या जिभेला तू फुलं आणि पाणी सांगतेस? तुझी पिशवी गाडीत वाजली ना, तेव्हाच मला आवाजावरून कळलं होतं, आत बाटली आहे. कसली ते त्या दिवशी इथे कळलं. मी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालीस, कडू नाही ना? मला वाटलं, तू मुद्दाम दिलंस. माझी दया येऊन. मला वाटलं, ताईने दिलंय म्हणजे एवढं चालत असेल."



"मी तुला मुद्दाम कशी देईन रे?"

"मग काय म्हणून दिलंस? माझ्यासाठी दुसरं काही नव्हतं?"

"होतं," मावशी म्हणाल्या. व्हिनेगरची बाटली पडद्यामागे त्याच फळीवर होती. "तुला वाईट वाटेल म्हणून दिलं नाही."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, तशी त्याची बोटं आखडली.

"दारू प्यायलो नाही अजून, हे खरं आहे," तो म्हणाला. "पण तिसरी बाटली निम्मी झाली त्या दिवशी मी गाडी उभी केली. तू चढलीस त्या स्टॉपच्या पुढे दारूचं दुकान आहे ना, तू आणतेस ते, त्याच्यासमोर. तिथे स्टॉप नाही. गाडीत माणसं होती. कंडक्टर म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, गाडी तापली. उतरलो नाही. पण हात दाराच्या कडीवर होता. उद्या पहाटे किल्ली देणार आहेत मला. ताई, त्या रस्त्याने रोज सहा फेऱ्या आहेत."

"तिला सांगितलंस?"

"कालपासून बोलत नाहीये ती. नुसती बघतेय."

मावशी उठल्या. चपला घातल्या, दाराला कुलूप लावलं आणि त्याचा दंड धरला. लहानपणी शाळेत सोडायला न्यायच्या तसा. दोघं चालत त्याच्या घरी गेली. वाटेत माणसं वळून बघत होती. गवंड्याने काहीतरी शेरा मारला, तो त्यांच्या कानावर आला, पण त्या थांबल्या नाहीत.

भावजय शिलाई मशीनवर होती. सुई खाली, निळ्या कापडाची घडी हातात. भावाने दारातच सगळं सांगितलं, बूट न काढता.

"मला ठाऊक होतं," शेवटी ती म्हणाली. "फुंकणी वाजायच्या आधी पंधरा दिवस याच्या खिशात वेलची सापडत होती. पूर्वीही तेच करायचा." मग ती मावशींकडे वळली. "मी तुम्हाला तुमच्या घरात विचारलं होतं, वन्सं. तोंडावर विचारलं होतं. तेव्हा सांगितलं असतंत तर त्याच दिवशी त्याला घेऊन दवाखान्यात गेले असते. काल तुम्ही डेपोत सांगितलंत, तेही चार थेंब म्हणून."

"मला चारच माहीत होते गं."

"तीन बाटल्या तुम्हीच भरल्यात ना?"

मावशी उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. भावजयने त्यांना आत या म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. तिने मशीनचा पट्टा सोडवला, कपाटातून दवाखान्याची जुनी फाइल काढली आणि नवऱ्याला म्हणाली, "चल."

बुधवारी भाऊ डेपोत गेला, पण किल्ली घ्यायला नाही. त्याने मॅनेजरला सगळं सांगितलं. मॅनेजर या वेळी हसला नाही. दवाखान्यात राहून आल्यावर भावाला गाड्या धुण्याच्या कामावर घेतलं. पगार कमी झाला. स्टिअरिंग पुन्हा मिळेल की नाही, हे पुढच्या तपासणीनंतर ठरणार आहे. त्याच्या जागी आलेला ड्रायव्हर गाडी जोरात हाकतो, आणि प्रवासी आता सावकाशची आठवण काढतात.

भावजय मावशींशी बोलत नाही. गणवेश पोचवायला त्यांच्या गल्लीत आली तर पलीकडच्या फुटपाथने जाते. भाऊ अधूनमधून येतो. दारातच उभा राहतो, दोन शब्द बोलतो, ओल्या बुटांचे ठसे पायरीवर राहतात.

ब्रँडीची उरलेली बाटली मावशींनी मोरीत ओतली. वास दोन दिवस घरात होता. आता त्या सगळे थेंब व्हिनेगरमध्ये करतात आणि कुणी विचारायच्या आधी आत काय आहे ते सांगतात. येणारे थोडे आहेत. काही जण पहिला थेंब घेऊन तोंड वाकडं करतात आणि पुन्हा येत नाहीत. हेडमास्तर एकदा आले, थेंब न घेता तासभर बोलून गेले. गेल्या आठवड्यात मॅनेजरच्या सासूबाईंनी निरोप पाठवला की त्यांना पूर्वीचेच हवेत. मावशींनी नाही म्हणून कळवलं.

तिसऱ्या बाटलीचे ऐंशी रुपये भावाकडून अजून यायचे आहेत.